एकत्र शिकण्याची कसोटी

रात्रीचा एक वाजलेला आहे. रुग्णालयात ड्युटीवर असलेला तरुण डॉक्टर फोनच्या आवाजानं जागा होतो. दुसऱ्या वॉर्डातल्या एका बाईंना झोप लागत नाहीये. वडील गेल्याची बातमी त्यांना त्याच दिवशी कळली आहे. डॉक्टरनं त्या बाईंना कधी पाहिलेलं नाही. फोन करणारी नर्स त्यांची देखभाल करते आहे. कोणतं औषध द्यावं, किती द्यावं, हे तिला ठाऊक आहे, पण तसं म्हणायची सोय नाही. परवा रात्री अमुक औषधाची अमुक मात्रा चांगली लागू पडली होती, एवढंच ती सांगते. डॉक्टर तेच औषध, तीच मात्रा हुकमी आवाजात सांगतो. नर्स त्याचे आभार मानते आणि फोन ठेवते.

लिओनार्ड स्टाइन या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञानं १९६७ साली हा प्रसंग एका वैद्यकीय नियतकालिकात मांडला आणि त्याला नाव दिलं ‘डॉक्टर-नर्स खेळ’. या खेळाचा मुख्य नियम एकच: उघड मतभेद होऊ द्यायचा नाही. नर्सनं सल्ला द्यायचा, पण तो डॉक्टरलाच सुचला असं वाटलं पाहिजे. डॉक्टरनं सल्ला मागायचा, पण मागितला असं दिसता कामा नये. दोघंही नीट खेळले तर रुग्णाचं भलं होतं. एकाचा डाव चुकला, तर त्याची किंमत पलंगावर पडलेला माणूस मोजतो.

हा खेळ शिकवला कुठं जातो, हेही स्टाइननं सांगितलं. वैद्यकीय महाविद्यालयात विद्यार्थ्याच्या मनात चुकीची भीती भरते आणि त्या भीतीवर उतारा म्हणून आपण सर्वज्ञ असल्याचा आव तो अंगी बाणवतो. नर्सिंगच्या शाळेत मुलींना डॉक्टरपुढं नमतं घ्यायला शिकवलं जातं. दोन इमारती, दोन शिस्ती. आणि दोन्हीकडून बाहेर पडलेली माणसं एके दिवशी एकाच रुग्णाच्या उशाशी उभी राहतात. खेळ शिक्षणातून येत असेल, तर तो मोडायचा रस्ताही शिक्षणातूनच गेला पाहिजे. या साध्या तर्कातून पुढच्या अर्धशतकात ज्ञानाची एक नवी शाखा उभी राहिली. तिला आज ‘आंतरव्यावसायिक शिक्षण’ म्हणतात. तिच्या उभारणीत मला सर्वांत मोलाचं वाटतं ते तिच्या अभ्यासकांचं धैर्य. ज्या कल्पनेवर त्यांचा जीव होता, तिलाच त्यांनी कसोटीला लावलं.

अमेरिकेत १९७२ साली एडमंड पेलेग्रिनो यांच्या अध्यक्षतेखाली ‘इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन’नं परिषद भरवली आणि आरोग्यसेवेतल्या संघासाठी शिक्षण कसं असावं, हा प्रश्न थेट टेबलावर ठेवला. इंग्लंडमध्ये हाच प्रश्न अधिक वेदनादायक रीतीनं समोर आला. १९७३च्या जानेवारीत ब्रायटनमध्ये सात वर्षांची एक मुलगी सावत्र बापाच्या मारहाणीत गेली. ती कुणाच्या नजरेतून सुटली होती असं नव्हे. शेजाऱ्यांनी तक्रारी केल्या होत्या, शाळेतल्या शिक्षकांनी काळजी बोलून दाखवली होती, समाजकार्यकर्त्यांची तिच्या घरी ये-जा होती. प्रत्येकाकडं माहितीचा एकेक तुकडा होता. ते तुकडे वेळेत एकत्र आले नाहीत, हे १९७४च्या चौकशी अहवालातून देशाला कळलं. एवढ्या यंत्रणा असून मूल वाचलं नाही, कारण त्या यंत्रणा एकमेकींशी बोलल्या नाहीत.

या विषयाचे एक मोठे इतिहासकार आणि संघटक ह्यू बार हे डॉक्टर नाहीत, हा योगायोग वाटत नाही. त्यांची सुरुवात झाली परिवीक्षा अधिकारी म्हणून, म्हणजे शिक्षा झालेल्या माणसाला तुरुंगाबाहेर सावरणारा सरकारी नोकर म्हणून. पुढं समाजकार्याच्या शिक्षणाचं नियमन करणाऱ्या ब्रिटनच्या मध्यवर्ती परिषदेत त्यांनी काम केलं. अशा कामात एका कुटुंबासाठी पोलीस, डॉक्टर, शिक्षक, न्यायालय अशा सगळ्यांचे उंबरठे झिजवावे लागतात. भिंती कुठं आहेत हे त्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. लंडनच्या केंटिश टाउन भागातले जनरल प्रॅक्टिशनर जॉन हॉर्डर यांनाही त्या भिंती रोज दिसत होत्या. हॉर्डर आणि समविचारी सहकाऱ्यांनी १९८७ साली आंतरव्यावसायिक शिक्षणाच्या प्रसारासाठी एक केंद्र काढलं. ‘केप’ या आद्याक्षरांनी ते ओळखलं जातं. बार पुढं त्याचे अध्यक्ष झाले.

या केंद्राचं टिकाऊ काम म्हणजे त्यानं केलेली व्याख्या. दोन किंवा अधिक व्यवसायांची माणसं एकमेकांसोबत, एकमेकांकडून आणि एकमेकांविषयी शिकतात, आणि त्यातून सहकार्य व रुग्णसेवा सुधारते, तेव्हाच ते आंतरव्यावसायिक शिक्षण. यातले तीन शब्द तोलून घेतलेले आहेत. भावी डॉक्टर आणि भावी नर्स एकाच सभागृहात शरीरशास्त्राचं व्याख्यान ऐकत असतील, तर ‘सोबत’ झालं. ‘कडून’ आणि ‘विषयी’ राहूनच गेलं. अशी सामायिक व्याख्यानं पैसे वाचवतात, वेळ वाचवतात. त्यांनी भिंतीला तडा जात नाही.

जागतिक आरोग्य संघटनेकडं हा विचार आणखी एका वाटेनं पोहोचत होता, आणि त्या वाटेवर आपलं जामखेड लागतं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली अहमदनगर जिल्ह्यातल्या त्या दुष्काळी तालुक्यात काम सुरू केलं. गावोगावच्या बायका, बहुतेक निरक्षर, कित्येक दलित, आरोग्यसेविका म्हणून तयार झाल्या. ठरलेल्या दिवशी त्या केंद्रावर येत. डॉक्टर, नर्स यांच्याबरोबर बसून गावात काय घडलं ते सांगत आणि नवं शिकून परतत. गावातलं कोणतं घर कुणाचं ऐकतं, हे डॉक्टरला माहीत नव्हतं, सेविकेला होतं. शिकणं दोन्ही दिशांनी वाहत होतं. केनेथ न्यूएल यांनी संपादित केलेल्या ‘हेल्थ बाय द पीपल’ या जागतिक आरोग्य संघटनेच्या १९७५च्या पुस्तकात जामखेडची कहाणी आली. तीन वर्षांनी प्राथमिक आरोग्यसेवेविषयीच्या अल्मा-आटाच्या जाहीरनाम्यानं डॉक्टरांपासून गावच्या कार्यकर्त्यापर्यंत सर्वांनी एक संघ म्हणून काम करावं, असं म्हटलं. त्याच धाग्याला धरून १९८८ साली संघटनेच्या अभ्यासगटानं विविध व्यवसायांच्या एकत्रित शिक्षणावर स्वतंत्र अहवाल काढला.

तोवर स्वीडननं प्रत्यक्ष पाऊल उचललं होतं. लिंशॉपिंग इथं १९८६ साली आरोग्यविज्ञानाची नवी विद्याशाखा सुरू झाली. डॉक्टर व्हायला आलेला असो, नर्स किंवा फिजिओथेरपिस्ट व्हायला आलेला असो, सुरुवातीचे काही आठवडे सर्वांनी एकत्र शिकायचं असं तिथं ठरलं. छोट्या गटापुढं आजाराचा एखादा प्रसंग ठेवायचा आणि गटानं मिळून त्याचा माग काढायचा. नव्या संस्थेला जुन्या भिंती पाडाव्या लागत नाहीत, हा तिचा फायदा होता. दहा वर्षांनी, १९९६ साली, तिथल्या शिक्षकांनी पुढची पायरी गाठली. अस्थिरोग विभागातला एक खराखुरा वॉर्ड त्यांनी विद्यार्थ्यांच्या स्वाधीन केला.

या ‘प्रशिक्षण वॉर्ड’ची रीत समजून घेण्यासारखी आहे. वैद्यक, नर्सिंग, फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपीचे शेवटच्या टप्प्यातले विद्यार्थी सुमारे दोन आठवडे एक संघ म्हणून वॉर्ड सांभाळतात. खुब्याचं हाड मोडलेली म्हातारी आजी त्यांची रुग्ण असते. तिला आंघोळ घालणं, भरवणं, उठवून बसवणं हे सगळ्यांचं काम. होऊ घातलेल्या डॉक्टरचंही. अनुभवी माणसं मागं उभी असतात, पण पुढं होत नाहीत. पाळी संपली की सगळे बसून दिवसाचा हिशेब घेतात: कोणतं काम कुणाकडं गेलं, कुठं अडलं, कोण बोलायला हवं होतं आणि बोललं नाही. अस्थिरोगाचा वॉर्ड निवडण्यातही शहाणपण होतं. शस्त्रक्रिया सर्जननं केली तरी रुग्ण चालत घरी जायचा तर चारही व्यवसायांचे हात लागतात, आणि तो सुधारताना रोज डोळ्यांना दिसतो.

त्याच सुमारास रॉयल लंडन हॉस्पिटलमध्येही असा वॉर्ड उभा राहिला. त्याचं मूल्यमापन करणाऱ्यांत एक तरुण समाजशास्त्रज्ञ होता, स्कॉट रीव्ह्‌ज. डॉक्टर नाही, नर्स नाही, रुग्णालयाच्या कोणत्याच जातीचा नाही. वॉर्डात उभं राहून बघणं, ऐकणं, टिपणं घेणं हेच त्याचं काम. २००२ साली त्यानं आणि सहकाऱ्यांनी निष्कर्ष छापले. विद्यार्थ्यांना तो अनुभव फार मोलाचा वाटला होता. तुलनेसाठी घेतलेल्या रुग्णांपेक्षा या वॉर्डातले रुग्ण अधिक समाधानी होते. त्याच पानांवर दुसरी बाजूही तितक्याच ठळकपणे होती. आपल्या पायावर शिकणं अनेक विद्यार्थ्यांना जड गेलं, आणि मागं उभं राहणाऱ्या मार्गदर्शकांना हा भार आपल्याला पिळून काढील अशी धास्ती वाटत होती. चांगल्या उपक्रमाच्या अहवालात अशी वाक्यं सहसा दाबली जातात. रीव्ह्‌जनं ती दाबली नाहीत.

याच स्वभावानं या शाखेला तिचा सर्वांत अवघड क्षण दाखवला. नव्वदच्या दशकात वैद्यकात पुराव्याचा आग्रह धरणारी मोठी चळवळ उभी राहत होती. एखादं औषध खरंच उपयोगी पडतं का, हे जगभरचे अभ्यास गोळा करून, कठोर निकषांनी चाळून ठरवायचं, हे तिचं काम. ‘कोक्रेन’ हे त्या कामाचं नाव. औषधाला जी परीक्षा, ती शिक्षणाला का नको? मेरिक झ्वारेनस्टीन, रीव्ह्‌ज, बार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही परीक्षा स्वतःच्या आवडत्या विषयाला लावायचं ठरवलं. प्रश्न नेमका होता: एकत्र शिकल्यामुळं पुढं प्रत्यक्ष कामात किंवा रुग्णाच्या प्रकृतीत फरक पडतो का? विद्यार्थी खूश झाले, एवढं उत्तर चालणार नव्हतं. तुलनेसाठी दुसरा गट हवा, किंवा आधीच्या आणि नंतरच्या काळाची काटेकोर मोजणी हवी.

शोध घेतल्यावर १०४२ अभ्यास हाती आले. त्यांतले ८९ अधिक बारकाईनं तपासायला ठेवले. निकषांना उतरलेल्या अभ्यासांची संख्या निघाली शून्य.

विसावं शतक सरता सरता हे शून्य छापून आलं. ते छापणाऱ्यांत बार होते, ज्यांनी या चळवळीला आयुष्य वाहिलं होतं, आणि रीव्ह्‌ज होता, ज्याची कारकीर्द नुकती कुठं उभी राहत होती. एकत्र शिक्षण निरुपयोगी आहे असा त्या शून्याचा अर्थ नव्हता. ते उपयोगी आहे असं कुणी नीट दाखवलेलं नाही, एवढाच होता. पण विरोधकांच्या हातात कोलीत द्यायला तेवढं पुरेसं होतं. तरीही ते लपवलं गेलं नाही. हाच या शाखेचा पाया आहे असं मला वाटतं. ‘हे चांगलंच आहे’ या भाबड्या विश्वासावर उभी राहिली असती, तर ती पहिल्याच काटकसरीत वाहून गेली असती.

इकडं पुरावा नव्हता आणि तिकडं ब्रिस्टॉल थांबायला तयार नव्हतं. इंग्लंडमधल्या ब्रिस्टॉल रॉयल इन्फर्मरी या रुग्णालयात लहान मुलांच्या हृदयावर शस्त्रक्रिया होत असत. १९८८ साली तिथं रुजू झालेले भूलतज्ज्ञ स्टीफन बोल्सिन यांच्या लक्षात आलं, की इथल्या शस्त्रक्रिया फार लांबतात आणि मुलं जास्त दगावतात. त्यांनी आकडे गोळा केले, वरिष्ठांना सांगितलं, पुन्हा सांगितलं. ऐकलं जायला वर्षं लागली. १९९८ साली सरकारनं चौकशी जाहीर केली. इयन केनेडी यांच्या अध्यक्षतेखालील समितीनं १९८४ ते १९९५चा काळ तपासला आणि जुलै २००१मध्ये अहवाल दिला. १९९१ ते १९९५ या वर्षांत एक वर्षाच्या आतली ३० ते ३५ बालकं, इतरत्र जेवढी दगावली असती त्याहून अधिक, दगावली होती.

अहवालात दुष्ट माणसांची गोष्ट नाही, आणि म्हणूनच तो वाचताना अंगावर काटा येतो. सर्जन एका इमारतीत शस्त्रक्रिया करत होते, बालहृदयरोगतज्ज्ञ दुसऱ्या रुग्णालयात बसत होते. सत्ता थोड्यांच्या हाती एकवटली होती, आणि त्या वर्तुळाबाहेरच्या माणसाचं बोलणं आत पोहोचत नव्हतं. केनेडींनी जवळपास २०० शिफारशी केल्या. वेगवेगळ्या व्यवसायांच्या माणसांना एकत्र शिकण्याच्या अधिक संधी द्याव्यात, ही त्यांतली एक ठळक शिफारस होती. सरकारनं सामायिक शिक्षणाच्या चार आघाडीच्या केंद्रांना पैसा दिला. साउदॅम्प्टन आणि पोर्ट्समथची विद्यापीठं त्यांतल्या एका केंद्रात होती. धोरण पुढं निघालं, पुरावा मागून येणार होता. ब्रिस्टॉलच्या आईबापांपुढं उभं राहून ‘आधी संशोधन पुरं होऊ द्या’ म्हणणं कुणालाच शक्य नव्हतं.

मग पुरावा हळूहळू येऊ लागला. २००८ साली कोक्रेनचा आढावा पुन्हा घेतला तेव्हा निकषांना सहा अभ्यास उतरले. २०१३ साली पंधरा. त्या पंधरांपैकी सातांत स्पष्ट फायदा दिसला: मधुमेहाच्या उपचारांत, आपत्कालीन विभागातल्या चुका कमी होण्यात, शस्त्रक्रियागृहातल्या वागणुकीत, घरच्या मारहाणीतून आलेल्या बायकांची दखल घेण्यात. चारांत संमिश्र चित्र, चारांत काहीच फरक नाही. हे शेवटचे चारही रीव्ह्‌ज आणि सहकाऱ्यांनी तितक्याच ठसठशीतपणे मांडले. एकूण आवाका लहान आहे, अभ्यास एकमेकांपासून फार वेगळे आहेत, मोठा निष्कर्ष काढू नका, असंही बजावलं.

दरम्यान रीव्ह्‌ज कॅनडात टोरँटोला गेला होता. तिथल्या रुग्णालयांत शिक्षणाचे संशोधक थेट वॉर्डात आणि शस्त्रक्रियागृहात उतरले होते. लॉरेलाय लिंगार्ड आणि सहकाऱ्यांनी २००४ साली शस्त्रक्रियागृहातल्या संवादाचे ४२१ प्रसंग टिपले. १२९ ठिकाणी संवाद फसला होता. कधी सांगायला उशीर झाला, कधी अर्धवट सांगितलं गेलं, कधी ज्याला सांगायला हवं तोच हजर नव्हता. रीव्ह्‌जनं मेडिसिनच्या वॉर्डांकडं पाहिलं. डॉक्टरांचं इतरांशी बोलणं तुटक आणि एकेरी असे: हे करा, ते पाठवा. नर्स, थेरपिस्ट, समाजकार्यकर्ते आपसांत बोलत तेव्हा मात्र विचारपूस असे, घासाघीस असे, हसणंही असे. सायमन लेविन यांच्याबरोबर लिहिलेल्या २०११च्या लेखात त्यानं समाजशास्त्रज्ञ अर्विंग गॉफमन यांची रंगमंचाची कल्पना वापरली. वॉर्डातला राऊंड म्हणजे दर्शनी मंच. तिथं ‘टीम’ दिसते. खरी जुळवाजुळव विंगेत, म्हणजे कॉरिडॉरमध्ये, जाता जाता होते. मंच आणि विंग यांमधलं अंतर ओळखल्याशिवाय शिकवणार काय?

इथं समाजशास्त्रज्ञानं शिक्षणतज्ज्ञांना त्यांची मर्यादा दाखवली. वर्गात कितीही छान शिकवलं, तरी विद्यार्थी ज्या वॉर्डात पाऊल टाकतो तिथली उतरंड तशीच असेल, तर तो महिनाभरात जुना खेळ शिकतो. ब्रिटनमध्ये जॉन कार्पेंटर यांनी वैद्यक आणि नर्सिंगच्या विद्यार्थ्यांच्या परस्परांविषयीच्या ठोकळेबाज समजुती मोजल्या होत्या, आणि एकत्र शिक्षणानंतर त्या काहीशा सैल झाल्याचं त्यांना आढळलं होतं. पण त्या सैल होण्याच्या अटी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ सालीच सांगितल्या होत्या: समान दर्जा, समान ध्येय, प्रत्यक्ष सहकार्य आणि वरच्यांचा पाठिंबा. नुसतं शेजारी बसवल्यानं पूर्वग्रह जात नाहीत. कधी कधी पक्के होतात.

२०१० हे या विषयाचं जागतिक वर्ष ठरलं. जॉन गिल्बर्ट आणि जीन यान यांच्या सहअध्यक्षतेखालील गटानं तयार केलेला कृती-आराखडा जागतिक आरोग्य संघटनेनं प्रसिद्ध केला. त्याच वर्षी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं जगभरच्या आरोग्यशिक्षणाचा आढावा घेताना व्यवसायाव्यवसायांमधल्या भिंतींवर बोट ठेवलं. रीव्ह्‌ज पुढं कॅलिफोर्नियात आणि मग परत लंडनला गेला. या विषयाच्या मुख्य नियतकालिकाचं संपादन त्यानं केलं. २०१८ साली, ऐन उमेदीच्या वयात, तो गेला. त्यानं मागं ठेवलेली सवय मात्र टिकली: ज्यावर प्रेम आहे, त्यालाच आधी प्रश्न विचारायचे.

महाराष्ट्रात १९९८पासून वैद्यक, आयुर्वेद, दंतवैद्यक, नर्सिंग, फिजिओथेरपी हे सारं नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या एकाच छत्राखाली आहे. एवढी मोठी सोय हाताशी असताना सामायिक व्याख्यान ठेवून काम भागलं असं समजण्याचा मोह होईल. अर्ध्या शतकाचा हा इतिहास त्या मोहापासून सावध करतो. एक वॉर्ड निवडावा. चार शाखांची चार मुलं दोन आठवड्यांसाठी तिथं उभी करावीत. एका आजीला उठवून, चालतं करून घरी पाठवण्याची जबाबदारी चौघांवर मिळून टाकावी. आणि शेवटी आजीला विचारावं, बाई, तुम्हांला काही फरक पडला का? ती जे सांगेल ते जसंच्या तसं छापावं.